टोक पूर्ण

मंगळवार, ४

काल मी रजिस्टरात खोटं लिहिलं. एकतीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा. ते खोडायची हिंमत नाही आणि तसंच ठेवून घास उतरत नाही, म्हणून ही वही. कुठल्याशा औषध कंपनीने दिलेली डायरी आहे, चार वर्षं जुनी, कोरी. छापलेले वार जुळत नाहीत, त्यांवर काट मारून माझे लिहिते आहे. म्हणजे सुरुवातच खाडाखोडीने झाली.

झालं ते क्रमाने लिहिते. मी कॅथ लॅबची इनचार्ज सिस्टर आहे, क्रम सोडून लिहिणं मला जमत नाही.

काल सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी हार्ट अटॅकचा पेशंट आला. पुरुष, छप्पन्न वर्षांचा, धंदा शिवणकाम. कोटाचं कापड कापताना छातीत कळ आली, घामाने शर्ट अंगाला चिकटला, तरी पठ्ठ्याने बाही पुरी कापली आणि मगच खाली बसला. ट्रॉलीवरून टेबलावर घेताना मला म्हणतो, "सिस्टर, तुमच्या एप्रनच्या खांद्याची शिलाई उसवलीय."

"तोंड बंद, हात सरळ," मी म्हटलं.

धाकट्या सरांनी मनगटातून नळी घालून फिल्म घेतली. धाकटे सर म्हणजे आमचे तरुण हृदयतज्ज्ञ. सहा वर्षांपूर्वी आले तेव्हा हातात वायर थरथरायची, आता थरथरत नाही. फिल्मवर दिसलं ते असं: हृदयाच्या पुढच्या भिंतीला रक्त देणारी मोठी धमनी बंद, आणि बंद पडली तीही नेमकी बेचक्यात, जिथून तिला दुसरी जाडजूड फांदी फुटते तिथे.

बेचक्यातला अडथळा ही मोठी पंचाईत. मोठ्या धमनीत स्टेंट, म्हणजे जाळीची नळी बसवली की ती फांदीच्या तोंडावर आडवी येते आणि फांदी बुजू शकते. म्हणून केसासारख्या दोन वायरी घालतात. एक मोठ्या धमनीत, दुसरी फांदीत, वाट राखायला. स्टेंट फुगवला की ही दुसरी वायर जाळी आणि धमनीची भिंत यांच्यामध्ये चेमटते. आम्ही तिला जेलमधली, म्हणजे तुरुंगातली, वायर म्हणतो. काम झालं की ती अलगद मागे ओढून घ्यायची असते, आणि स्टेंटला शेवटचा जोराचा दाब देण्याआधी घेतलेली बरी.

काल तसं झालं नाही. पेशंटचा रक्तदाब सत्तरवर उतरला. बाहेर कॉरिडॉरमध्ये दुसरा अटॅक ट्रॉलीवर कण्हत होता. सरांनी घाईत आधी दाब दिला, मग वायर ओढली. ती येईना. पुन्हा ओढली. हिसका बसून आली.

आता माझा भाग. बाहेर आलेली प्रत्येक वायर मी ओल्या गॉजमधून ओढते, टोक बोटावर घेऊन बघते आणि मोठ्याने म्हणते, "टोक पूर्ण." मग रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात तेच दोन शब्द लिहिते. हा नियम हॉस्पिटलचा नाही, माझा आहे. रकानासुद्धा मीच आखला. काल वायर अजून पेशंटच्या आत होती तेव्हाच मी तो रकाना भरून टाकला. वेळ वाचवायला.

वायर चिमणीच्या हातात आली. चिमणी म्हणजे माझ्या हाताखालची सिस्टर. नऊ वर्षं झाली तिला, दोन मुलांची आई आहे, पण अखंड चिवचिव, म्हणून मीच ठेवलेलं नाव. ती म्हणाली, "सिस्टर, एक मिनिट..." मी म्हटलं, "टेबलापाशी चिवचिव नको. ती ठेव आणि बाहेरचा पेशंट आत घे." तिने ठेवली.

दोन वाजता आवरताना मी ती वायर गॉजमधून ओढली. टोक नव्हतं. शेवटचा दोन सेंटिमीटरचा मऊ, गुंडाळलेला भागच नव्हता. सकाळची फिल्म पुन्हा लावली. फांदीत, जाळीच्या पलीकडे, डोळ्यात गेलेल्या पापणीच्या केसाएवढी काळी रेघ.

रजिस्टर उघडलं. माझ्या अक्षरात, स्वच्छ: टोक पूर्ण.

सरांना कॉरिडॉरमध्ये गाठून सांगितलं. ते माझ्याबरोबर लॅबमध्ये आले. फिल्म दोनदा लावून बघितली. म्हणाले, "रक्त छान चाललंय, फांदीपण उघडी आहे. आता काढायला गेलो तर धमनी फाटेल. राहू दे. गोळ्या नियमित राहिल्या तर वर आवरण धरेल." हे बरोबरच आहे. अशा दोन केसेस मी पाहिल्या आहेत, दोघंही हिंडतात फिरतात.

मग त्यांनी विचारलं, "रजिस्टरमध्ये काय आहे?"

"टोक पूर्ण," मी म्हटलं.

त्यांनी बोलायला तोंड उघडलं होतं, पण मला पुढची केस लावायची होती. मी निघाले.

गुरुवार, ६

एकतीस तारखेला मी निवृत्त होते. त्याआधी चार्ज लेखी द्यायचा. कपाटं, किल्ल्या, रजिस्टरं, एप्रन, सगळं मोजून. आज सुरुवात केली.

तीन नंबरच्या कपाटात वरच्या फळीवर ती वायर लिफाफ्यात घालून ठेवली आहे. कचऱ्यात टाकता येत नाही. वापरलेल्या वायरी मोजून, लिहून, सही करून जातात. घरी नेता येत नाही. तिथेच ठेवली तर एकतीसला कपाट उघडणारच. सगळे नियम मीच केलेले. कोळी आपल्या जाळ्यात अडकत नाही म्हणतात. पण कोळ्याला रजिस्टर नसतं.

दुरुस्तीचा नियमही आहे. चुकलेल्या ओळीवर लाल शाईने एक सरळ रेघ, बाजूला खरं काय ते, तारीख, माझी सही, डॉक्टरांची सही. नवीन मुलींना मी तो पहिल्याच दिवशी शिकवते आणि वर सांगते की माझ्यावर ती वेळ कधी आली नाही. लाल पेन ड्रॉवरमध्ये आहे. त्याची शाई वाळली असेल.

लॅबला खिडकी नाही. क्ष-किरण अडवायला भिंतीत शिसं, दारात शिसं, अंगावर सात किलोचं शिसं. पाठीमागे मला शिशाचं दार म्हणतात ते मला ठाऊक आहे. मला राग नाही. शिशाच्या दारामुळे बाहेरची माणसं सुरक्षित राहतात.

घरी हे म्हणाले, "काही झालंय का?"

"काही नाही."

"मग भाजीत मीठ दोनदा कसं पडलं?"

"जेवायचं तर जेवा."

जेवले. ह्यांचा स्वभाव शांत आहे. लग्न झालं तेव्हा एवढे बोलायचे की माझे वडील म्हणाले होते, रेडिओशी लग्न लावून दिलं पोरीचं. वयाने माणूस निवळतो.

शनिवार, ८

तो शिंपी आज घरी गेला. अख्खा वॉर्ड त्याला मास्तर म्हणायला लागला होता, आता मीही म्हणते. पलंगावर बसून त्यांनी दोन वॉर्डबॉयच्या विजारी आखूड करून दिल्या. मी सुई जप्त केली.

जाताना लॅबच्या दाराशी आले. बायको बरोबर होती. गोल चेहऱ्याची, हातात गोळ्यांची पिशवी घट्ट धरलेली. तिला वॉर्डात मास्तरीणबाई म्हणतात.

"सिस्टर, तुमचा तो एप्रन द्या, खांदा शिवून आणतो."

"आधी स्वतः नीट शिवून घ्या," मी म्हटलं. मास्तर एवढे हसले की मास्तरीणबाईंनी त्यांच्या छातीवर हात ठेवला.

मग म्हणाले, "सगळं व्यवस्थित झालं ना हो?"

"हो."

एवढंच. एक अक्षर. ते लिहायला मात्र आत्ता दोनदा पेन उचललं.

सोमवार, १०

धाकटे सर आज स्टोअरमध्ये आले. काय हवं विचारलं तर म्हणाले, पेन राहिलं का इथे बघतो. राहिलं नव्हतं. शुक्रवारीही आले होते, तेव्हा चहा घेतला का विचारायला. त्याच्या आदल्या दिवशी स्टेंटचा साठा किती आहे ते बघायला, ज्याचा तक्ता भिंतीवर लावलेला असतो. कामं नसली की माणसं स्टोअरमध्ये येतात. मी एप्रन मोजत होते, मान वर केली नाही.

त्यांना भीती असणार. मोठे सर, म्हणजे आमचे विभागप्रमुख, आधीच म्हणत असतात की अटॅक चालू असताना बेचक्यात फार कलाकुसर करू नये. मोठी धमनी उघडा आणि बाहेर या. हे कळलं तर धाकट्यांचे हात बांधले जातील. चांगला हात आहे मुलाचा. मी गप्प आहे ते त्यांच्यासाठीही, हे त्यांना कळायला हवं.

चिमणीने बदलीचा अर्ज दिला आहे. वॉर्डात जायचं म्हणते. कारण: घरगुती. चार्ज तिला द्यायचा ठरलेला, आणि हे! हल्ली तिची चिवचिवही बंद आहे. विचारलं त्याला हो, नाही, झालं. मला वाटलं होतं शांतता बरी वाटेल.

शुक्रवार, १४

मास्तर तपासणीला आले होते. सर आज बाहेरगावी, म्हणून माझ्याकडे आले. गाल सुजलेला.

"दाढ दुखतेय, सिस्टर. दातवाला म्हणतो, ह्या रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या चार दिवस बंद ठेवा, मग काढतो. नाहीतर रक्त थांबणार नाही."

"बंद करायच्या नाहीत."

"का?"

"नियम आहे."

"माझ्या मेहुण्यालाही स्टेंट आहे. त्याने बंद केल्या होत्या. आज तीन जिने चढतो."

"मेहुणा मेहुणा आहे, तुम्ही तुम्ही."

"तेच तर विचारतोय, माझं वेगळं काय?"

बाहेर रांग होती. मी त्यांच्या कागदावर लाल अक्षरात लिहिलं, गोळ्या बंद करू नयेत, खाली दोन रेघा मारल्या. लाल पेनाची शाई वाळलेली नव्हती, हे लिहिताना कळलं.

त्यांनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली. "सिस्टर, माझे वडील म्हणायचे, माप घेताना गिऱ्हाईक का विचारतं ते ऐकावं. का ऐकलं नाही तर कोट परत येतो."

मी पुढचा नंबर पुकारला.

गोळ्या थांबल्या की नव्या जाळीवर रक्ताची गुठळी बसू शकते, हे कोणत्याही स्टेंटचं आहे. इथे जाळीमागे उघडी तारही आहे. तिच्यावर अजून आवरण धरलेलं नाही. हे सगळं मी इथे किती नीट लिहिते आहे. तिथे सांगायला दोन मिनिटं लागली असती.

रविवार, १६

सुट्टी. हे सकाळी म्हणाले, "चल, बाहेर चक्कर मारून येऊ."

"कशाला?"

ते एकटेच गेले. तासाभराने आले तर जिन्याखाली शेजारच्यांशी त्यांच्या गप्पा चाललेल्या ऐकू येत होत्या. हसणं वरपर्यंत येत होतं. दार उघडलं तसं थांबलं.

बुधवार, १९

आज क्रम पाळणं कठीण आहे, पण पाळते.

ड्यूटी संपताना, तीनला, चिमणी स्टोअरमध्ये आली आणि दार लावून घेतलं.

"मास्तरीणबाईंचा फोन होता. मास्तरांनी रविवारपासून दोन्ही गोळ्या बंद केल्यात. उद्या दाढ काढणार."

"मग चालू करा म्हणून सांगायचं ना!"

"सांगितलं. त्यांनी स्वतः फोन घेतला. म्हणाले, तुमच्या मोठ्या सिस्टरनी नियम सांगितला, मेहुण्याने अनुभव सांगितला. मी अनुभव धरला. कारण असेल तर सांगा."

"नवा स्टेंट आहे हे कारण पुरत नाही?"

"तो मेहुण्यालाही होता म्हणाले." तिने पाठ दाराला टेकली. "दुसरं कारण मला सांगता येत नाही, सिस्टर. ते तुम्ही सांगायचं."

"कुठलं दुसरं?"

"वायर माझ्या हातात होती."

मी खुर्चीवर बसले. एप्रन अंगावरच होता.

"मग त्याच वेळी का बोलली नाहीस?"

"बोलले. एक मिनिट म्हणाले. तुम्ही म्हणालात, टेबलापाशी चिवचिव नको." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला उत्तर देता आलं असतं. "नऊ वर्षांत मी कितीदा ते एक मिनिट मागितलंय, आणि कितीदा मिळालंय? सरांकडे गेले तर ते म्हणाले, मोठ्या सिस्टर स्वतः बोलतील, त्यांच्याआधी आपण बोलणं बरं नाही. मी वाट बघितली. मग अर्ज दिला. वॉर्डात निदान खोटं बघत बसायला लागणार नाही."

ती गेल्यावर मी ही वही पिशवीतून काढली आणि चार तारीख वाचली. सगळं आहे तिथे, शब्दन् शब्द. तिचं एक मिनिट, माझी चिवचिव. मीच लिहिलं होतं. लिहिताना दिसलं नव्हतं.

एप्रन काढून हातावर टाकला आणि तशीच निघाले. अर्ध्या रस्त्यात लक्षात आलं की एप्रन बरोबरच आलाय.

मास्तरांचं दुकान अरुंद आहे. एक मोठं टेबल, दोन मशीनं, भिंतीवर अर्धवट कोट, खडूच्या रेघांसकट. मास्तर गालाला फडकं लावून बसले होते. मास्तरीणबाई काजं करत होत्या.

"अरे वा, एप्रन आणलात!"

"मास्तर, बसा. म्हणजे बसलाच आहात, उठू नका. मी बोलते, मधे बोलू नका." मग म्हटलं, "नाही. बोला. हवं तेव्हा मधे बोला."

आणि सांगितलं. बेचकं, दोन वायरी, जाळीमागे अडकलेली, हिसका, राहिलेलं टोक. रजिस्टर. तुम्ही व्यवस्थित झालं ना विचारलंत तेव्हाचा माझा हो. सगळं मिळून दोन मिनिटंही लागली नाहीत. मी घड्याळ बघितलं होतं.

मास्तरांनी फडकं खाली ठेवलं. टेबलावरची टाचण्यांची उशी उचलून माझ्यासमोर धरली.

"मोजा."

"मास्तर..."

"मोजा हो, सिस्टर."

चोवीस होत्या.

"चोवीस. कोट गिऱ्हाईकाला देण्याआधी मी रोज मोजतो. एकदा तेवीस निघाल्या. गिऱ्हाईक निघून गेलेलं. हा गडी," त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, "सायकल मारत त्याच्या साखरपुड्याच्या मांडवात गेला आणि म्हणाला, साहेब, कोट काढा. शिव्या खाल्ल्या, पण टाचणी घेऊन आलो. आणि तुम्ही शिकलेली माणसं! सोळा दिवस! सोळा दिवस मी जिने चढतोय, पोतं उचलतोय, आत तार घेऊन!"

"पोतं उचललंत?" मी म्हटलं.

"पाव पोतं. विषय बदलू नका!"

मास्तरीणबाई मशीनवरून उठल्या. मला वाटलं, आता ही मला हाकलणार. त्यांनी गोळ्यांची पिशवी आणली आणि नवऱ्यासमोर आपटली. "मी म्हणत होते की नाही, ही बाई उगाच दोन रेघा मारणार नाही! पण तुमचा तो मेहुणा!"

"मेहुणा तुझा भाऊ आहे."

"म्हणूनच सांगते, त्याचं ऐकू नका!"

मी तिथूनच सरांना फोन लावला. मास्तरांसमोर, मुद्दाम. "सर, मी मास्तरांना टोकाचं सांगितलं आहे. तीन दिवस गोळ्या बंद आहेत. काय करायचं?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "बरं केलंत, सिस्टर. त्यांना लगेच घेऊन या. मी खाली दाराशी थांबतो."

थांबले होते. ईसीजी ठीक. गोळ्यांचा जास्तीचा डोस देऊन पुन्हा सुरू केल्या, रात्रभर निरीक्षणाखाली ठेवलं. सरांनी दातवाल्याशी बोलून घेतलं: दाढ गोळ्या चालू ठेवूनही निघते, फक्त बोळा जास्त वेळ दाबून धरायचा. म्हणजे बंद करायची गरज मुळात नव्हतीच. विचारलं असतं, ऐकलं असतं, तर त्याच शुक्रवारी सुटलं असतं.

मास्तर वॉर्डातून ओरडून म्हणाले, "सिस्टर, लेखी द्या! काय राहिलंय, कुठे राहिलंय, कुणाच्या हातून. तोंडी माझा विश्वास नाही."

"देते," मी म्हटलं.

गुरुवार, २०

सकाळी रजिस्टर घेऊन सरांच्या खोलीत गेले. पान एकशे सत्त्याऐंशी. त्यांच्यासमोर लाल रेघ मारली. बाजूला लिहिलं: टोक पूर्ण नाही. अंदाजे दोन सेंमी फांदीत राहिले. वायर पाहण्यापूर्वीच नोंद केली होती. तारीख, सही. एकतीस वर्षांत पहिली. रेघ शेवटी जरा वर गेली.

"सर, इथे तुमची."

त्यांनी आधी कोटाच्या आतल्या खिशातून एक कागद काढला. घड्या इतक्या मऊ झालेल्या की मधोमध फाटायला आला होता. मोठ्या सरांना लिहिलेलं पत्र. काय झालं, कसं झालं, दाब आधी दिला ही माझी चूक, पेशंटला सांगितलं जावं. खाली तारीख, ४.

"हे दिलं का नाही?"

"दिलं असतं तर रजिस्टर मागवलं असतं. तुमची एकतीस वर्षं, आणि सत्तावीस दिवस उरलेले. म्हटलं, तुम्ही स्वतः बोललात की देईन. तीनदा स्टोअरमध्ये आलो."

"पेन शोधायला आला होतात."

"माझ्या खिशात दोन पेनं होती, सिस्टर."

मी इतकी वर्षं त्यांना वायर कशी धरायची ते शिकवलं. म्हटलं, "पेशंटच्या जिवापेक्षा माझं रजिस्टर मोठं झालं? कान उपटायला हवेत तुमचे."

"हो," ते म्हणाले. आणि मग हळूच, "दोघांचे."

मी रजिस्टर त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी सही केली.

मंगळवार, २५

मोठ्या सरांसमोर चौकशी झाली. मी, धाकटे सर, चिमणी. मोठे सर रागावले ते टोक राहिल्याबद्दल नाही. "टोकं राहतात. गप्प बसणं राहता कामा नये." धाकट्यांना सहा महिने अटॅकमधली बेचक्याची केस ज्येष्ठ डॉक्टर टेबलापाशी असल्याशिवाय करता येणार नाही. माझ्या सेवापुस्तकात ताशेरा येईल. निरोपाच्या पत्रात निष्कलंक हा शब्द असतो, तो नसेल. हे मला कसं सोसवेल म्हणून मी बावीस दिवस जेवले नव्हते. सोसवलं. तसं सोपं नाही गेलं, पण सोसवलं.

चिमणीला मोठ्या सरांनी विचारलं, "नियमात काय बदल हवा?" ती माझ्याकडे बघायला लागली. मी जमिनीकडे बघितलं. मग ती बोलली. वायर ज्याच्या हातात येईल त्याने टोक बघायचं, त्यानेच मोठ्याने म्हणायचं, आणि तो म्हणेपर्यंत कुणी रकान्याला हात लावायचा नाही. आणि कुणी एक मिनिट म्हटलं की हात थांबवायचे.

बदलीचा अर्ज तिने परत घेतला की नाही ते मला माहीत नाही. विचारायला हवं होतं.

घरी ह्यांना सगळं सांगितलं. मग म्हटलं, "तुमचं काय?" ते हळूहळू बोलायला लागले. शेजाऱ्याचं, गुडघ्याचं, दोन वर्षांपूर्वी मला सांगायची राहिलेली एक गोष्ट. चहा गार झाला. मी मधे काही म्हटलं नाही. एकदा म्हटलं. पण एकदाच.

सोमवार, ३१

आज चार्ज दिला. चिमणीने घेतला. मी वाचत गेले, ती मोजत गेली. नोंद अशी:

किल्ल्या, कपाटांच्या: सात. औषधांच्या पेटीची: एक.

केस रजिस्टर: एक, पाने १ ते २१४ भरलेली. पान १८७ वर लाल शाईत दुरुस्ती, दोन सह्या.

लिफाफा, तीन नंबरच्या कपाटातला: एक. आत वायर एक, टोक नसलेली. चौकशीच्या फाइलसोबत ठेवावी.

फिल्मची प्रत आणि लेखी निवेदन, तीन पाने: पेशंटला शनिवारी दिले, पोच घेतली. पोचेवर मास्तरांनी सहीखाली लिहिलंय: दाढ निघाली. मेहुण्याला कळवले.

लाल पेन: एक, चालू.

शिशाचे एप्रन: अकरा.

इथे चिमणी म्हणाली, "एक मिनिट, सिस्टर."

मी थांबले. तिने पुन्हा मोजले, एकेका हुकावर हात ठेवून.

"दहा आहेत."

"अकरा आहेत. मी स्वतः..." म्हणता म्हणता गप्प बसले.

"अकरावा मास्तरांच्या दुकानात. खांदा शिवायला. एकोणीस तारखेला तुम्हीच नेलात."

अकरावर लाल रेघ मारली. दहा लिहिले. एक शिलाईस, खांद्याचा पट्टा, गुरुवारी आणणे.

देणार: माझी सही. घेणार: तिची.